पट्टा, ठिणगी आणि अविश्वास ठराव

हिंगोली जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. तरीही नावेच्या इंजिनाचा तज्ज्ञ म्हणून आमच्या पंचक्रोशीत एकच माणूस होता, आणि तो मी. ही पदवी मला कुणी दिली नव्हती. दुसरं कुणी मागायला आलं नाही, म्हणून ती माझ्याकडे पडून राहिली.

कळमनुरीच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाज आणि तेलाने काळी झालेली जमीन. पिठाच्या गिरण्या, विहिरीवरची डिझेल इंजिनं आणि मोटरसायकली एवढा माझा संसार. माझ्या हातून दुरुस्त झालेलं इंजिन थोड्याच दिवसांत परत माझ्याकडे यायचं. लोक म्हणायचे, मेस्त्रीवर गिऱ्हाइकांचा फार विश्वास आहे. मीही तेच म्हणायचो.

इसापूरच्या धरणाचं पाणी आमच्या शिवारापर्यंत आलेलं. अलीकडचा काठ आमचा, पलीकडचा विदर्भाचा. आमच्या उपसरपंचांनी मासेमारीसाठी मुंबईकडून एक जुनं परदेशी इंजिन आणलं होतं, नावेच्या पाठीला अडकवायचं. ते आलं तेव्हा गावाने नव्या सुनेसारखं त्याला बघून घेतलं. मग ते पोत्यांच्या खोलीत गेलं आणि तिथं उंदरांनी त्याच्या आतला पट्टा खाल्ला. उंदरांना मुंबईचं काही मिळत नाही सहसा.

हा उंदराचा प्रश्न तसाच राहिला असता. पण त्या वर्षी गावात सरपंच बाईंच्या विरोधात अविश्वास ठराव आला.

बाईंची गोष्ट थोडक्यात सांगतो. जागा महिलेला राखीव झाली तेव्हा उपसरपंचांनीच त्यांना उभं केलं होतं. बाई दाखवू तिथं सही करतील असा अंदाज होता. बाईंनी सही करायच्या आधी कागद वाचायला सुरुवात केली. इथं पहिली ठिणगी पडली. मग पाण्याची योजना मंजूर झाली. पाइप उपसरपंचांच्या केळीच्या बागेवरून न्यायचा असं त्यांच्या घरी ओट्यावर ठरलं होतं. बाईंनी तो आधी तांड्यावर आणि आमच्या वस्तीवर न्यायचं ठरवून टाकलं, तेही भर ग्रामसभेत, माइक हातात धरून. आमच्या वस्तीच्या बाया तेव्हा शेताच्या कडेच्या हापशावरून पाणी आणायच्या. बाई राहिल्या तर पाइप येणार, बाई गेल्या तर केळी पिणार, असा सरळ हिशेब होता.

ठराव पास व्हायला जेवढी डोकी लागत होती तेवढी उपसरपंचांकडे बरोबर होती, एकही जास्त नाही. त्यातले तीन सदस्य जरा कच्चे होते. म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांना देवदर्शनाला नेलं. आधी नरसीला नेऊन देवासमोर शपथ घेतली आणि मग धरणापलीकडे उपसरपंचांच्या साडूच्या आमराईत नेऊन ठेवलं. तिथं रोज कोंबडं. सभेच्या दिवशी त्यांना रस्त्याने आणावं तर बाईंची माणसं वाटेत उभी. एकेकाला गाडीतून उतरवून त्यांच्या बायकांच्या हवाली केलं असतं, आणि बायकांना पाणी हवं होतं.

“मेस्त्री,” उपसरपंच म्हणाले, “त्येंना पाण्यावरून आणायचं. इंजिन तयार करा.”

आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. मी म्हणालो, “दादा, दुपारपर्यंत होऊन जाईल.” त्यापूर्वी मी नावेचं इंजिन आतून पाहिलेलं नव्हतं.

घरी सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता थांबली. “म्हणजे बाईला पाडायला तुमी मदत करून राहिले?”

“मी फक्त पट्टा बसवून राहिलो.”

“मंग घागर बी तुमीच आणा आता हापशावरून. पट्टा बांधून.”

राजकारणाशी माझा संबंध नाही, मी यंत्राचा माणूस, असं मी तिला समजावलं. ती तव्याशी काहीतरी बोलली.

दादांच्या अंगणात मी इंजिनाची टोपी काढली. वरचं जड चाक खोललं. त्याच्याखाली दोन दातेरी चक्र्या निघाल्या, एक लहान, एक मोठी. त्यांच्यावरून उंदरांनी उरवलेला पट्टा लोंबत होता. गिरणीचा पट्टा मला पाठ होता. तो कसाही चढवा, दळण निघतंच. हा पट्टा तसा नव्हता. त्याला दात होते, म्हणजे त्याचं म्हणणं असं होतं की दोन्ही चक्र्या एका ठराविक जागी आणल्याशिवाय मला चढवू नका. एक चक्री दट्ट्यासोबत, म्हणजे पिस्टनसोबत, फिरते, दुसरी झडपा उघडते. दोघींची गाठ चुकली तर झडप नको तेव्हा उघडते आणि इंजिन खोकतं. शिवाय प्लगमध्ये ठिणगी कधी पडायची तेही चाकाच्या एका खुणेवरून जुळवायचं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. खुणा कुठं आहेत एवढंच ठाऊक नव्हतं. काळ्या ग्रीसमध्ये काही दिसेना, आणि पुसून बघायला अंगात तेवढी नम्रता लागते.

“पट्टा येऊ द्या,” मी म्हणालो. “तवर काही कळत न्हाई.” कळत नसल्याची कबुली इतक्या रुबाबात मी त्यानंतर कधी दिली नाही.

पट्टा नांदेडहून एसटीने यायचा होता. मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. त्यांना काम सांगायचं नाही. मीही माझे पाने-पेचकस मांडून, धुऊन, पुजून आरामात झोपलो. इंजिन दादांच्या अंगणात तसंच उघडं पडलेलं.

दसऱ्यानंतर पट्टा घेऊन मी गेलो आणि इंजिनावर वाकलो, तर काय! मोठ्या चक्रीवर लाल ठिपका. लहान चक्रीवर लाल ठिपका. बाजूला ठेवलेल्या जड चाकावर पिवळा ठिपका.

मला भरून आलं. परवा आपल्या डोळ्यांना हे दिसलं कसं नाही? मग वाटलं, परवा ऊन तिरपं होतं.

दादा आणि ओट्यावरची मंडळी जमली होती. मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि व्याख्यान दिलं. “हे बघा. लाल खूण पट्ट्याची. पिवळी खूण करंटची. लालला लाल भिडवायचं की पट्टा जुळला. पिवळी या काट्यासमोर आणायची की ठिणगी जुळली. कंपनी सगळं रंगवून देते, म्हणजे अडाणी माणसाला बी करता आलं पाहिजे.”

“बघा,” दादा मंडळींना म्हणाले, “कंपनी किती इचार करते.”

अडाणी माणूस कामाला लागला. चक्र्यांच्या दातांत काही तांदळाचे दाणे अडकले होते. पट्टा उंदरांनी खाल्लेला, तेव्हा तांदूळही त्यांनीच आणलेले असणार, हे मी तिथल्या तिथं ताडलं आणि फुंकर मारून उडवले. झेंडूची एक पाकळीही निघाली. उंदराला फुलाची काय आवड, असं क्षणभर मनात आलं, पण मी विचार लांबवला नाही. लालसमोर लाल आणलं, पट्टा चढवला. दोन्ही चक्र्या एका रेषेत आहेत का ते गिरणीसारखी दोरी धरून तपासलं. हे काम मात्र खरंच चोख झालं. चुकीच्या जागी बसवलेला पट्टा अगदी सरळ रेषेत होता. मग चाक चढवलं, ठिणगी सोडणाऱ्या पॉइंटमध्ये बिडीच्या बंडलाचा कागद धरला आणि पिवळी खूण काट्यासमोर येताच कागद सुटेल अशी आतली प्लेट फिरवून घट्ट केली.

ड्रममध्ये पाणी भरून इंजिन त्यात उभं केलं. दोरी ओढली. पुढच्या क्षणी इंजिनाने दोरी ओढली. माझा खांदा आणि दोरीची मूठ दोन्ही त्याच्याकडे गेले.

“जोर हाय,” दादा खूश होऊन म्हणाले.

मग मी प्लेट थोडी ढिली केली, थोडी इकडे, थोडी तिकडे. कंपनीची खूण आपल्या जागी, पण यंत्राच्या मनाचंही ऐकावं लागतं, असं मंडळींना सांगत होतो. एका जागी ते चालू झालं. फटफट, खुर्रर्र, फट्ट. मधूनच मागच्या मागे एक बार काढायचं. आवाज ऐकून दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरातून बाहेर आल्या.

“आवो मेस्त्री, हे शिंकून काहून राहिलं?”

“नवा पट्टा हाय वहिनी. अजून अंगवळणी पडला न्हाई.”

त्यांना पटलं. मला तर आधीच पटलेलं होतं.

सभेच्या दिवशी सकाळी मी नावेत बसलो, नवरदेवासारखा, डोक्याला नवा रुमाल बांधून. दादांनी मला सोबत धाडलं होतं. वाटेत काही झालं तर तज्ज्ञ जवळ हवा, म्हणून. नाव हाकायला एक वयस्क भोई. त्याने वल्ही उचलली आणि विचारलं, “घिऊ का संगं?”

“काहून? माझ्यावर विश्वास न्हाई?”

“हाय ना.”

“मंग ठेवा तिथंच. मोटरीच्या नावेत वल्हं म्हणजे फटफटीला बैल जुंपल्यावाणी दिसतं.”

त्याने वल्ही काठावर ठेवली. जाताना नाव रिकामी होती, वारा पाठीशी होता. इंजिन शिंकत शिंकत पलीकडे पोचलं. मी साडूच्या आमराईत चहा घेतला आणि दोन-चार माणसांना लाल आणि पिवळ्या खुणेचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यातल्या एकाने तर माझं गाव विचारून घेतलं.

येताना मात्र नावेत तीन सदस्य होते, आणि कोंबड्यांवर ठेवलेले सदस्य म्हणजे निवडून दिले तेव्हाचे सदस्य राहत नाहीत. एक तरुण, दर थोड्या वेळाने घड्याळ बघणारा. एक म्हातारा माळकरी, त्याने आमराईत फक्त भाजी-भाकरी खाल्ली असं तो तीनदा न विचारता म्हणाला. तिसरा नावेत पाय ठेवल्यापासून डोळे मिटून बसला. नाव पाण्यावर बोटभर उरली.

मधोमध आलो. वारा आता समोरून. इंजिनाने एक मोठी शिंक दिली, धूर काढला आणि गप्प झालं.

सगळं इतकं शांत झालं की तिसऱ्याने डोळे उघडले.

“पोचलो?”

“विसावा घेऊन राहिलं,” मी म्हणालो आणि दोरी ओढली. मग परत ओढली. मग तरुणाने ओढली. त्याच्याकडे मोबाइल होता, त्यावर रेंज नव्हती. मग त्याने मला काही नावं ठेवली, ती इथं देत नाही. काठावर दादांची जीप दिसत होती, आणि जीपशेजारी पांढरा ठिपका उपरणं हलवत होता. आधी स्वागत केल्यासारखा, मग शिव्या दिल्यासारखा.

मी इंजिनाची टोपी काढली. चाकाच्या खाली वाकून, बोट घालून बघितलं की मोठ्या चक्रीची लाल खूण जागेवर आहे का. बोट बाहेर काढलं तर खूण बोटावर होती.

कंपनीचा रंग असा बोटावर येत नसतो. मी बोट उन्हात धरलं. माळकरी म्हाताऱ्याने मान पुढे केली, वास घेतला आणि आनंदाने म्हणाला, “वा! मशिनीची पूजा झालेली दिसते. कुंकू हाय ते, मेस्त्री.”

त्याच क्षणी मला खंडेनवमी आठवली. अक्षता आठवल्या. झेंडूची पाकळी आठवली. वहिनींनी ट्रॅक्टर पुजला, तराजू पुजला, नांगर पुजला, आणि अंगणात हे पाहुणं उघडं पडलेलं बघून त्यालाही हात जोडून हळद-कुंकू वाहिलं. तेलकट चक्र्यांनी कुंकू धरलं, कोरड्या चाकावर हळद राहिली. आणि मी त्या माउलीची बोटं जिथं टेकली तिथं उमटलेल्या ठिपक्यांवर एका परदेशी इंजिनाची झडप आणि ठिणगी जुळवली होती. चिंधीने ग्रीस पुसलं तर खरी खूण निघाली, छोटासा त्रिकोण, कुंकवापासून दोन दात सरकून, बिचारा कधीचा माझी वाट बघत होता.

“झालं!” मी ओरडलो. “सापडलं! आता घडीभरात करतो.”

आणि खरंच केलं असतं. पाना लावला, जोर दिला, पाना सुटला आणि धरणात गेला. टुप्प एवढाच आवाज आला. तो मी नवमीला धुऊन पुजलेला पाना होता.

भोई नुसता काठाकडे, जिथं वल्ही ठेवली होती तिकडे, बघत बसला. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

मग तरुण सदस्य डब्याचं झाकण घेऊन एका बाजूने पाणी मारू लागला. दुसऱ्या बाजूला माळकरी ताट घेऊन बसला. नाव जागच्या जागी गरगर फिरायला लागली, कारण म्हातारा उलटं मारत होता.

“आजा, तिकडं न्हाई, इकडं!”

“मी इकडंच तर मारून राहिलो बाप्पा.”

त्याची सून रोज माझ्या बायकोसोबत हापशावर असायची. तो चुकून उलटं मारत होता की कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तेव्हा तो विठ्ठल विठ्ठल म्हणाला. वाऱ्याने आम्हाला हळूहळू परत विदर्भात नेऊन लावलं. साडूच्या लोकांनी वल्ही शोधून दिली आणि आम्ही गावच्या काठाला लागलो तोवर ऊन उतरलं होतं. सभा कधीच आटोपली होती. तहसीलच्या साहेबांनी डोकी मोजली, ती कमी भरली, ठराव बारगळला. बाई खुर्चीवर जिथं होत्या तिथंच होत्या.

मला वाटलं, आता दादांचा मार. काठावर आधी पोचली ती बाईंची मंडळी, गुलाल घेऊन. मला खांद्यावर उचललं. “मेस्त्री, काय डाव टाकला हो!” मी ओरडून सांगत होतो, “आरं, चूक झाली, चूक!” पण तोंडात गुलाल गेल्यामुळे शब्द कुणाला कळत नव्हते. घरी बायकोने खीर केली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. “तोंडावर म्हणत व्हते, मी यंत्राचा माणूस,” ती म्हणाली. “पोटात केवढं ठेवलं तुमी.” मी खीर खाल्ली. खीर खाताना माणूस खरं बोलू शकत नाही.

दादा दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आले. बाजेवर बसले, फार शांत. “लाल खूण, पिवळी खूण,” ते म्हणाले. “अख्ख्या ओट्यासमोर. मेस्त्री, नाटक कंपनीत काहून न्हाई गेले तुमी?”

“दादा, शपथ घेऊन सांगतो. ते कुंकू व्हतं. वहिनींनी...”

“माझ्या बायकोला मधी आणू नको.”

सगळा जिल्हा मला लबाड समजायला तयार होता, मूर्ख समजायला एक माणूस तयार नव्हता. आणि मी ज्या धंद्यात होतो त्यात मूर्खपणाचे इतके पुरावे रोज रस्त्यावरून ढकलत नेले जात होते!

तीन-चार दिवसांनी बाई आल्या. गॅरेजच्या दाराशी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला.

“मेस्त्री, मला खरं सांगा. मुद्दाम केलं तुमी?”

इथं मी घुटमळलो. ‘हो’ म्हटलं की आयुष्यभराचा मान होता, आणि खिरीचाही प्रश्न होता. पण बाई कागद वाचून सही करणाऱ्या. मी म्हणालो, “न्हाई बाई. हळदी-कुंकवाला कंपनीची खूण समजलो.”

बाई हसायला लागल्या, आणि हसू आवरेना म्हणून पत्र्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. “तांदूळ बी व्हते का?”

“व्हते. उंदराचे समजलो.”

परत हसल्या. मग डोळे पुसून एकदम सरळ झाल्या. “आता एक करा. हे कुणाला सांगू नका.”

“मी तर सगळ्यांना सांगून राहिलो. कुणी ऐकत न्हाई.”

“मंग बरंच हाय. त्येंना वाटतं, आपलाच माणूस आपल्याला पाण्यात बुडवू शकतो. तवर ते मला हात लावत न्हाईत. माझा पाइप तांड्यापर्यंत जाऊ द्या, मंग काय सांगायचं ते सांगा.”

पाइप गेला. दादांच्या लोकांनी आपापसात एकमेकांकडे इतकं संशयाने बघितलं की परत ठरावावर सह्या गोळा झाल्या नाहीत. माझ्या गॅरेजवरही दूरदूरचे पुढारी येऊन बसायला लागले. कुणाची जीप कुठल्या दिवशी बंद पाडता येईल का, असं आडून विचारायचे. चालू करून द्या म्हणून मात्र कुणी येईना.

योजनेचा पंप बसायचा दिवस आला. तांड्याच्या टाकीजवळ मांडव घातला होता. मी हत्यारांची पिशवी घेऊन सकाळीच हजर. पंपाच्या खोलीकडे निघालो तर बाईंनी स्वतः येऊन मला हाताने मांडवाकडे वळवलं.

“तुमची जागा पुढच्या रांगेत हाय, मेस्त्री.”

“पंपाचं कपलिंग एकदा नजरेखालून...”

“नांदेडचा माणूस आणला मी. तुमी बसा.”

गावात माझ्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी ती एकटी बाई. मला शाल आणि नारळ मिळाला, टाळ्या झाल्या, एका वक्त्याने मला चाणाक्ष म्हटलं. मग खोलीत पंप सुरू झाला, नळाने आधी हवा फेकली, गढूळ काहीतरी थुंकलं, आणि पाणी आलं. माझी बायको आणि माळकऱ्याची सून घागरी घेऊन पुढे धावल्या. पंपाचा आवाज मला जरा जड वाटला. बेअरिंग असेल. मी शाल सावरून उठायला लागलो, तर बाईंनी मंचावरूनच माझ्याकडे बघून मान हलवली.

बसलो.